स्लाइस बॅकहँड: हात बरोबर, वेळ चुकीची – या चुका टाळा

आपल्याकडे टेनिसच्या कोर्टवर येणारे बरेचजण आधी क्रिकेट किंवा बॅडमिंटन खेळलेले असतात. बॅकहँडला चेंडू आला की मनगट आपसूक लेट कटच्या वळणावर जातं आणि स्लाइस, म्हणजे चेंडूला उलटी फिरकी देणारा कापता फटका, ‘येतो’. येतो म्हणूनच घोळ होतो. टॉपस्पिनचा, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणाऱ्या फटक्याचा, भरवसा नाही, मग प्रत्येक चेंडूला स्लाइस. दोन गेममध्ये समोरच्याला हे कळतं. मग तो बॅकहँडवर एक चेंडू टाकतो आणि निवांत नेटवर येऊन उभा राहतो.

समोरचा नेटवर असताना स्लाइस

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्लाइसचा चेंडू हवेत जास्त वेळ राहतो. समोरचा बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर, असेल तर तेवढ्यात आपल्याला मध्यावर परत यायला मिळतं. पण तो नेटवर असेल तर तोच वेळ त्याच्या कामी येतो. उलट्या फिरकीमुळे चेंडू नेट ओलांडल्यावर पटकन खाली बुडत नाही आणि त्याला छातीच्या उंचीची व्हॉली, म्हणजे टप्प्याआधीच मारायचा चेंडू, मिळते. अशा वेळी टॉपस्पिन मारा, किंवा सरळ लॉब टाका, त्याच्या डोक्यावरून उंच. स्लाइसच्याच ग्रिपने चांगला लॉब निघतो. ताणून कसाबसा पोहोचला असाल आणि दुसरा इलाजच नसेल, तर चेंडू हळू आणि त्याच्या पायाशी द्या, तोही नेटच्या मध्यावरून. तिथे नेटची उंची 91.4 सेंटिमीटर असते, खांबांपाशी 1.07 मीटर. डाउन द लाइन, म्हणजे बाजूच्या रेषेलगत सरळ, मारलेले स्लाइस वारंवार नेटमध्ये जातात, त्याचं एक कारण हा फरक आहे.

‘स्लाइस खालीच राहतो’ हा समज

हे अर्धं खरं आहे. चेंडू खाली राहतो तो नुसत्या फिरकीमुळे नाही. नेटच्या जरा वरून, वेगात, उथळ कोनात जमिनीला लागला तर तो घसरून पुढे जातो. तीच फिरकी असलेला चेंडू वरून तरंगत आला तर टप्प्यावर अडतो आणि समोरच्याच्या कमरेशी उभा राहतो. फिरकी भरपूर, उपयोग शून्य.

असा तरंगता चेंडू बहुतेक वेळा रॅकेट सरळ वरून खाली आणल्याने तयार होतो, कोथिंबीर चिरावी तसा. रॅकेट वरून खाली येते हे बरोबर, पण त्याहून जास्त ती पुढे जायला हवी. चेंडू लागल्यानंतर रॅकेटचं टोक कुठे थांबलं ते बघा. आपल्या गुडघ्यापाशी असेल तर चिरलंय. समोरच्या कोर्टच्या दिशेने लांब गेलं असेल तर मारलंय.

आता सोलापूरचं बघा. उन्हाळ्यात पारा 42-43 वर जातो. तापलेल्या चेंडूतला हवेचा दाब वाढतो, रबरही जास्त उसळतं. संध्याकाळी पाच वाजता तापलेल्या हार्ड कोर्टवर तरंगता स्लाइस टाकणं म्हणजे समोरच्याला फोरहँडचा सराव देणं. डिसेंबरच्या थंड सकाळी तोच फटका बराच खाली राहतो. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही: आपण सराव महिनामहिना वापरलेल्या चेंडूंवर करतो. आतली हवा गेलेला चेंडू तसाही कमी उसळतो, त्यामुळे सरावात स्लाइस झकास दिसतो. स्पर्धेत नवा डबा उघडला की तोच स्लाइस वर येतो, आणि माणूस म्हणतो, ‘आज हात बसला नाही.’ हात तोच असतो, चेंडू बदललेला असतो.

मग मारायचा कधी?

बाजूला ताणलं गेल्यावर. दोन हातांची पोच संपली की एका हाताची उरते. सोलापुरात कुमठा नाक्याला आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) महिला स्पर्धा झाल्या तेव्हा पाहिल्या असतील तर आठवून बघा, दोन हातांनी बॅकहँड मारणाऱ्या खेळाडू एक हात कधी सोडतात ते. गुडघ्याखालच्या चेंडूला, कारण तिथून टॉपस्पिन उचलायला फार वाकावं लागतं. वेगवान सर्व्हला, छोट्या बॅकस्विंगने, म्हणजे रॅकेट फार मागे न नेता. आणि समोरच्याची फोरहँड ग्रिप वेस्टर्न (तळवा दांड्याच्या खाली जाणारी पकड) असेल तर मुद्दाम: उंच टप्पा त्याला आवडतो, बुटाजवळचा चेंडू उचलताना त्याची पंचाईत होते. अ‍ॅश बार्टी या ऑस्ट्रेलियन खेळाडूने 2021 ची विम्बल्डन आणि 2022 ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकताना हेच हत्यार वापरलं. तिच्याकडे दोन हातांचा बॅकहँडही उत्तम होता, हे मात्र विसरू नका. जर्मनीच्या स्टेफी ग्राफचं नाव घेऊन ‘ती तर कायम स्लाइसच मारायची’ म्हणणाऱ्यांनी तिचा फोरहँड आणि तिचे पाय आपल्याकडे आहेत का, ते आधी बघावं.

समोरून आलेल्या टॉपस्पिनला स्लाइस सोपा का वाटतो, त्यालाही कारण आहे. टप्पा पडून आलेला चेंडू ज्या दिशेने गरगरत असतो, स्लाइस केल्यावरही तो त्याच दिशेने गरगरत परत जातो. टॉपस्पिन मारायचा तर ती फिरकी उलटवावी लागते. म्हणून थकल्यावर हात स्लाइसकडे वळतो. थकल्यावर ते क्षम्य आहे. पहिल्याच गेममध्ये नाही.

कमरेच्या उंचीचा, कोर्टच्या मध्यावर पडलेला संथ चेंडू आला तर स्लाइस करू नका. वेळ तुमच्याकडे आहे, मारा. तोच चेंडू खाली राहिला असेल तर स्लाइस करत पुढे या, पण शक्यतो डाउन द लाइन. क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरका, मारून नेटवर आलात तर अर्धं कोर्ट मोकळं सोडलंत.

झटपट दुरुस्ती

चेंडू वर उडतोय: रॅकेटचं तोंड जास्त उघडं आहे किंवा वजन मागच्या पायावर आहे. नेटमध्ये जातोय: चेंडू उशिरा घेताय, तो पुढच्या पायाच्याही पुढे लागायला हवा. बाजूला भरकटतोय: छाती लवकर उघडते, मोकळा हात मागे जाऊ द्या, खांदा वळलेलाच राहील. मनगट दुखतंय: फोरहँडच्या ग्रिपनेच मारताय. कॉन्टिनेंटल धरा, म्हणजे सर्व्ह आणि व्हॉलीची तीच ग्रिप.

सरावात एक सेट असा खेळा की स्लाइस फक्त दोनच प्रसंगी चालेल: चेंडू गुडघ्याखाली असताना, किंवा तुम्ही पळत असताना. बाकी कुठेही मारला तर पॉइंट समोरच्याचा. भांडणं होतील, पण सवय सुटते.

सकाळच्या डबल्सवाल्यांसाठी वेगळी सूचना. सर्व्ह करणारा लगेच पुढे येत असेल तर क्रॉसकोर्ट स्लाइस रिटर्न सोन्यासारखा, त्याच्या पायाशीच पडतो. पण आपल्याकडच्या बहुतेक जोड्यांत सर्व्ह करणारा मागेच थांबतो आणि नेटवरचा भिडू टपून बसलेला असतो. तरंगता रिटर्न त्याच्या आवाक्यात आला की तो दोन पावलं आडवा येतो आणि तुमच्याच भिडूच्या बुटांवर मारतो. त्याच्याविरुद्ध रिटर्न एक तर जोरात मारा, नाहीतर त्याच्या डोक्यावरून.