वारूळ फोडायच्या आधी एवढं बघा (पावसाआधीचा सल्ला, कुरण आणि गवताळ रानासाठी)

उन्हाळा संपत आला की एकच ओरड सुरू होते, वाळवीनं कुरण खाल्लं. पण बहुतेक वेळा कुरण आधी जनावरांनी खरवडून काढलेलं असतं, आणि मग त्या उघड्या जमिनीवर वाळवी नजरेत भरते. जगात वाळवीच्या ३००० च्या आसपास जाती आहेत आणि पिकाला त्रास देणाऱ्या त्यात थोड्याच. गवताळ रानात कोणी वाळलेलं गवत कापून नेतं, कोणी शेण-पाचोळा खातं, कोणी नुसती माती खाऊन त्यातला कुजका अंश पचवतं, आणि मोठी वारुळं बांधणाऱ्या काही तर आत बुरशीचे मळे राखतात, म्हणजे सगळ्यांना एकच औषध मारून कसं चालेल?

वारुळाच्या आजूबाजूचं गवत जरा बघा, पाऊस थांबल्यावरही तेवढाच पट्टा हिरवा राहतो. खालची चिकणमाती वर येते, नत्र-स्फुरद तिथं साठतं आणि बोगद्यांतून पाणी खोल मुरतं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कोरडवाहू गव्हात मुंग्या आणि वाळवी राखलेल्या प्लॉटमध्ये ३६ टक्के जास्त उत्पन्न आलं, २०११ साली ते छापून आलंय. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात तर शेतकरी कडक झालेल्या जमिनीत खड्डे खणून शेणखत टाकतात, वाळवी आपोआप येते आणि जमीन पोखरून मोकळी करते.

म्हणून आत्ता करायचं काय तर गवत जाळू नका. वाळकं गवत आणि पाचोळा रानात राहिला तर वाळवी त्यावरच भागवते, तो संपला की मग रोपांकडे वळते. जनावरं फिरवून चारा, एका तुकड्यावर रोज सोडायची नाहीत. वारूळ जिवंत आहे का कळत नसेल तर बोट जाईल एवढं भोक पाडा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघा, ओल्या मातीनं बुजवलेलं दिसलं तर आत वस्ती आहे. ते तसंच राहू द्या. वारुळात औषध ओतू नका बाबांनो, त्यात वाळवी खाणाऱ्या मुंग्याही मरतात आणि मुंग्यांएवढा वाळवीचा शत्रू दुसरा नाही.

नवीन लावलेल्या रोपांना मात्र जपावंच लागतं, त्यात हयगय नको. कच्चं शेण घालू नका, पूर्ण कुजलेलंच घाला. पाण्याचा ताण बसलेलं रोप आधी बळी पडतं त्यामुळे पाणी चुकवू नका. पाचोळा खोडाला टेकू न देता वीतभर लांब ठेवा. खोडावर मातीचा पापुद्रा चढलेला दिसला की घाबरून लगेच फवारणी करू नका, नखानं खरवडा आणि खालची साल बघा, साल हिरवी आणि ओली असेल तर वाळवी वरची मेलेली सालच खात होती. साल कुरतडलेली असेल किंवा रोप हलवल्यावर मुळाशी सैल लागलं तरच कृषी अधिकाऱ्याला विचारून तेवढ्याच आळ्यात औषध द्या.