मुलांचे पोट वारंवार दुखत असेल तर: आयबीएस कसा ओळखावा आणि कसा सांभाळावा

घोडबंदर रस्त्यावर काय किंवा नेरूळ-वाशीत काय, सकाळच्या शाळेची बस येण्याच्या वेळीच पोटात कळ येते अशी तक्रार करणारी मुले अनेक घरांत असतात. ती नाटक करत आहेत, असा निष्कर्ष लगेच काढू नये. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, या विकारात आतड्याला जखम नसते. मात्र आतडे आणि मेंदू यांच्यातील संदेशवहन बिघडल्यामुळे आतड्याची नेहमीची हालचाल किंवा थोडासा वायूही मुलाला वेदना म्हणून जाणवतो. तपासण्या नॉर्मल आल्या तरी ते दुखणे खरेच असते.

डॉक्टर निदानासाठी 2016 मधील रोम-4 निकष, म्हणजे अशा पोटविकारांसाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या अटी, वापरतात. त्यांनुसार महिन्यातून किमान 4 दिवस पोट दुखणे, त्या दुखण्याचा शौचाशी किंवा शौचाच्या वेळा व स्वरूप यांतील बदलाशी संबंध असणे, आणि हे किमान 2 महिने चालू असूनही दुसऱ्या आजाराने त्याचा पूर्ण उलगडा न होणे आवश्यक असते. बद्धकोष्ठता बरी झाल्यावर दुखणेही थांबले, तर तो आयबीएस नव्हे, नुसती बद्धकोष्ठताच होती असे समजावे.

म्हणून डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे एक वही ठेवावी. दुखण्याची वेळ, त्या दिवशीचे जेवण, झोप, परीक्षा किंवा घरातील ताण आणि शौचाचे स्वरूप तिच्यात लिहावे. शौचाचे स्वरूप चित्रांतून दाखवणाऱ्या ब्रिस्टल तक्त्यातील 7 प्रकार मुलाला दाखवले तर मुले न लाजता आकडा सांगतात. ही वही पाहून बालरोगतज्ज्ञांना जेवढे कळते, तेवढे घाईने काढलेल्या सोनोग्राफीतून सहसा कळत नाही.

वजन घटणे किंवा उंची खुंटणे, शौचातून रक्त पडणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे वा जुलाब, रेंगाळणारा ताप, हिरवी उलटी, सांधेदुखी, किंवा बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणे यांपैकी काहीही आढळले तर आयबीएस गृहीत धरू नये. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आणि जिआर्डियासारख्या परजीवीचा संसर्गही लक्षात ठेवावा लागतो. हिरवी उलटी किंवा ताठ झालेले पोट दिसल्यास मुलाला त्याच वेळी रुग्णालयात न्यावे.

निदान झाल्यावर खरा बदल सकाळच्या वेळापत्रकात करावा लागतो. खाल्ल्यानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते, त्यामुळे मुलाला अर्धा तास लवकर उठवून, थोडे खायला देऊन, पायांखाली पाट ठेवून पाच-दहा मिनिटे शौचालयात निवांत बसू द्यावे. कित्येक मुले शाळेतील अस्वच्छ शौचालय टाळण्यासाठी दिवसभर शौच रोखून धरतात आणि पाणीही पीत नाहीत. गरज पडेल तेव्हा वर्गाबाहेर जाण्याची परवानगी वर्गशिक्षकांकडून आधीच मिळवून ठेवावी. मुलाला ती वापरावी लागो वा न लागो, मिळाल्यानेच त्याची धास्ती कमी होते.

आहारात एकदम सगळे बंद करू नये. वरणभात, भाकरी, भाज्या आणि फळे नेहमीप्रमाणे द्यावीत. वहीत दूध, राजमा, चणे किंवा कांदा-लसूण यांच्याशी दुखण्याचा मेळ दिसला, तरच एकेक पदार्थ आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांपुरता थांबवून पाहावा. शाळेबाहेरचा वडापाव हा खलनायक असेलच असे नाही, परंतु वाढत्या वयात पोळी आणि दूध कायमचे तोडणे निश्चितच नुकसान करते. इसबगोल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, भरपूर पाण्याबरोबर द्यावे. दर जुलाबाला औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणण्याची आपली सवय मात्र ताबडतोब सोडावी.

सर्वांत कठीण काम आईवडिलांचे आणि आजीचे आहे. “आता दुखतंय का?” असे सतत विचारल्याने मुलाचे लक्ष पोटावरच खिळते आणि तक्रारी वाढतात. दुखत असताना गरम पाण्याची पिशवी द्यावी, सावकाश खोल श्वास घ्यायला लावावे, गप्पा किंवा खेळाकडे मन वळवावे आणि शक्य तितके शाळेत पाठवावे. घरी राहिल्यास टीव्ही आणि लाड यांची सुट्टी ठरू नये. ताण जास्त असेल तर बालमानसतज्ज्ञांकडून मिळणारी वर्तनोपचाराची सत्रे बऱ्याच मुलांना उपयोगी पडतात, आणि ती सुचवली म्हणून आपल्या मुलाला कोणी वेडे ठरवले, असे मानण्याचे कारण नाही.