प्रीमेडचं मूल म्हणतंय "मला कॉलेज बदलायचंय", मग ठरवायचं कसं?

ऑक्टोबरचा शेवट आला की ओळखीतल्या आईवडिलांचे फोन सुरू होतात. न्यू जर्सीतून, डॅलसकडून, बे एरियातून, आणि बोलणं साधारण तेच असतं, की मूल कॉलेजात खूश नाहीये, प्रीमेड आहे म्हणजे पुढे मेडिकलला जायची तयारी करतंय, ऑर्गोची (ऑरगॅनिक केमिस्ट्रीची) मिडटर्म वाईट गेली, आणि आता म्हणतंय मला ट्रान्सफर करायचंय, तर करू द्यावं का. मी इथे अमेरिकेत एका कॉलेजच्या ऍडव्हायझिंगमध्ये काम करते त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे. प्रत्येकाला फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते. मुलांना मराठी वाचायला जड जात असेल तर तुम्ही वाचून दाखवा, पण त्यांना बाजूला ठेवून परस्पर काही ठरवू नका.

त्या पहिल्या फोनवर हो पण म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका. "अजून एक सेमिस्टर काढ गं" हे नको आणि "ये घरी, इथेच रटगर्सला घालू" हेही नको. आधी जेवण होतंय का, झोप किती मिळतेय, दिवसभरात कोणाशी बोलणं होतं का एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. झोप पूर्ण उडाली असेल, खाणं सुटलं असेल, वर्गात जाणंच बंद झालं असेल किंवा "मला आता काहीच नकोय" अशा अर्थाचं एकही वाक्य कानावर आलं तर ट्रान्सफरचा विषय तिथेच बाजूला ठेवा. त्याच दिवशी कॉलेजच्या काउन्सेलिंग सेंटरशी बोलणं व्हायला हवं, आणि रात्रीबेरात्री लागलं तर 988 हा हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन करता येतो, टेक्स्टही करता येतो. वाटलं तर गाडी काढा नाहीतर विमान पकडा आणि जाऊन भेटा. एक-दोन कोर्स सोडले तर ट्रान्सक्रिप्टवर (ग्रेड्सच्या अधिकृत पत्रकावर) डब्ल्यू, म्हणजे विथड्रॉ, येतो आणि तो जीपीएत, म्हणजे ग्रेड्सच्या सरासरीत, धरत नाहीत. सेमिस्टरभर लीव्ह ऑफ ऍब्सेन्स घेता येते, त्याने मेडिकलचा रस्ता बंद होत नाही. आपल्या लोकांना हे "मागे पडणं" वाटतं म्हणून मुद्दाम सांगतेय, तब्येत सांभाळून एक वर्ष उशिरा मेडिकलला जाणं यात काहीही वाईट नाही.

तब्येत ठीक असेल तर मग खरा प्रश्न, की नक्की काय नकोसं झालंय. कॉलेज नकोय की प्रीमेड नकोय? मुलं दोन्ही एकाच वाक्यात बोलतात आणि बऱ्याचदा त्यांना स्वतःलाही ते वेगळं करता येत नाही. आणि हे वेगळं न करता ट्रान्सफर केली तर जे नकोय ते नव्या कॉलेजात सोबत येतं, कारण जेन केम (जनरल केमिस्ट्री), ऑर्गो, फिजिक्स, बायोकेम हे सगळीकडे तेच आहे, पहिल्या दुसऱ्या वर्षाला तीनशे मुलांचा वर्ग आणि कर्व्हवरचं ग्रेडिंग, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ग्रेड, हे बऱ्याच मोठ्या युनिव्हर्सिटीत आहेच.

यासाठी मी मुलांना एक साधं काम देते. दोन आठवडे फोनमध्ये लिहायचं, कुठल्या वेळी बरं वाटलं, कुठल्या वेळी नको झालं, तेव्हा आपण कुठे होतो, काय करत होतो, सोबत कोण होतं. मोठं लिहायचं नाही, चार शब्द पुरे. एका मुलीची नोंद मला अजून आठवते. मिडवेस्टमधल्या लहान गावातलं कॉलेज, घर न्यू जर्सीला. मंगळवारच्या तीन तासांच्या ऑर्गो लॅबपुढे तिने लिहिलं होतं "क्रिस्टल्स आले, भारी वाटलं", गुरुवारी प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सपुढे "समजलं एकदाचं", आणि शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत सगळं काळंकुट्ट. रूममेट दर वीकेंडला गाडीने घरी जायची, डायनिंग हॉल लवकर बंद, हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर आणि हिच्याकडे गाडी नाही, म्हणजे व्हॉलंटियरिंग पण नाही. हिला विषय आवडत होते, जागा झेपत नव्हती, आणि जागा बदलून सुटणारा हा प्रश्न होता. याच्या अगदी उलटी एका मुलाची नोंद होती. त्याचे सगळे बरे तास इकॉनॉमिक्सच्या डिस्कशनमधले आणि हॉस्पिटलपुढे "घड्याळ बघत बसलो". त्याला ट्रान्सफर नकोच होती, आईबाबांना हे सांगायला शब्द हवे होते. प्रीमेड म्हणजे काही मेजर नाही, तो फक्त कोर्सेसचा एक ट्रॅक आहे, तो सोडला तर कॉलेज सोडावं लागत नाही, डिग्री तीच राहते, आणि पुढे पंचविशीत पुन्हा वाटलं तर उरलेले कोर्स पोस्टबॅकमधून, म्हणजे डिग्रीनंतरच्या प्रोग्रॅममधून, करता येतात.

तर समजा प्रश्न खरंच जागेचाच आहे. मग हिशेब करायला बसा, आणि पहिला हिशेब जीपीएचा, कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. नव्या कॉलेजात जुने क्रेडिट्स येतात पण ग्रेड्स बहुतेक ठिकाणी येत नाहीत, नवीन जीपीए शून्यापासून सुरू होतो, म्हणून मुलांना वाटतं पाटी कोरी झाली. मेडिकल स्कूलच्या अर्जात तसं नसतं. एएमसीएएस, म्हणजे जिथून बहुतेक एमडी कॉलेजांना अर्ज जातो, तिथे शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट द्यावं लागतं, हायस्कूलमध्ये कम्युनिटी कॉलेजचा एखादा कोर्स केला असेल तर त्याचंसुद्धा, आणि सगळं एकत्र करून जीपीए काढतात. शिवाय बायो, केम, फिजिक्स, मॅथ यांचा वेगळा सायन्स जीपीए काढतात. कोर्स परत केला तर जुनी आणि नवी दोन्ही ग्रेड धरतात. आकड्यात बघा, 60 क्रेडिट्सवर 3.2 असेल आणि ट्रान्सफर करून पुढच्या 30 क्रेडिट्सवर 3.8 आणला, तर तिसऱ्या वर्षाअखेर एकूण होतो 3.4. चढता आलेख दिसतो आणि त्याला किंमत आहेच, पण 2023 मध्ये एमडीला लागलेल्या मुलांचा सरासरी जीपीए 3.77 होता आणि एमकॅटचा (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा) स्कोअर 511.7, आणि साधारण साडेबावन्न हजार अर्जांतून तेवीस हजारांच्या आसपास मुलं लागली. त्यामुळे "तिथे सोपं आहे, ग्रेड सुधारतील" एवढ्याच कारणासाठी ट्रान्सफर करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रेडचा प्रश्न असेल तर आधी आहे तिथेच ट्यूटरिंग, ऑफिस अवर्स, एका सेमिस्टरला दोनच सायन्स, हे करून बघा. अभ्यासाची पद्धत तीच राहिली तर नवीन कॉलेजातही मार्क तसेच पडणार.

दुसरा हिशेब क्रेडिट्सचा, आणि इथे मुलं फार अडकतात. ऑर्गो, जेन केम, फिजिक्स ही सगळी साखळी असते आणि साखळीच्या मध्ये कॉलेज बदललं की त्रास होतो. सगळ्यात वाईट म्हणजे क्वार्टर सिस्टिममधून (वर्षात तीन टर्म) सेमिस्टर सिस्टिममध्ये (वर्षात दोन टर्म) जाणं. क्वार्टरवाल्या कॉलेजात ऑर्गो तीन भागात होतं, सेमिस्टरवाल्यात दोन भागात. तीनपैकी दोन क्वार्टर करून मूल निघालं की नवं कॉलेज म्हणतं पहिला भाग मान्य, दुसरा अपुरा झालाय, परत करा. आणि एक क्वार्टर युनिट म्हणजे सेमिस्टरचे दोन तृतीयांश, त्यामुळे चार युनिटचा कोर्स तीनलाही कमी भरतो. कॅलिफोर्नियातल्यांनी हे खास बघा, यूसीमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर आहेत, बाकीचे कॅम्पस क्वार्टरवर. म्हणून नियम एकच, सुरू केलेली साखळी पूर्ण करून मगच निघायचं. सी पेक्षा कमी ग्रेडचे क्रेडिट्स बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. आणि प्रत्येक कोर्सची सिलॅबसची पीडीएफ आजच डाउनलोड करून ठेवा, लॅबचे तास त्यात लिहिलेले असतात, क्रेडिट मान्य करायचं की नाही हे त्या पीडीएफवरून ठरतं आणि नंतर कॉलेजचं लॉगिन बंद झालं की ती मिळवायला नाकी नऊ येतात.

तिसरी गोष्ट माणसांची, हिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. मेडिकलच्या अर्जाला साधारण दोन सायन्स प्रोफेसरांची पत्रं लागतात, आणि मुलाला नुसतं नावाने नाही तर कामाने ओळखणाऱ्यांची लागतात. लॅबमध्ये शिरायलाच एक सेमिस्टर जातं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला नव्या जागी गेलेलं मूल त्याच वर्षाच्या शेवटी, मे-जूनमध्ये, अर्ज भरायला बसलं तर त्याला तिथे जेमतेम दोन सेमिस्टर झालेले असतात, त्यातच एमकॅटही. काही कॉलेजांत प्रीमेड कमिटी सगळ्यांचं मिळून एक पत्र देते, आणि नवीन आलेल्यांना ते मिळेल का याचे प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे. त्यामुळे ट्रान्सफर करायची तर डिग्रीनंतर एक गॅप इयर धरूनच चला, हल्ली मेडिकलला जाणारी बहुतेक मुलं एखादं वर्ष थांबूनच जातात. आणि जुनं कॉलेज सोडण्याआधी तिथल्या प्रोफेसरांना भेटून पत्राचं बोलून ठेवायचं, वर्षभराने ईमेल केला तर त्यांना चेहरा आठवत नाही.

पैशाचं थोडक्यात. पहिल्या वर्षाला मिळालेली मेरिट स्कॉलरशिप सोडून जाताना ती परत मिळत नाही, आणि ट्रान्सफर मुलांसाठी वेगळी स्कॉलरशिप कमी असते. ऑफर आल्यावर उरलेल्या सगळ्या वर्षांचा खर्च मांडा, क्रेडिट्स वाया गेल्यामुळे एक जास्तीचं सेमिस्टर लागणार असेल तर तेही धरा. पुढे मेडिकलचा खर्च आहेच. राज्य कुठलं हेही महत्त्वाचं, सरकारी मेडिकल स्कूल्स आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात, टेक्ससमध्ये तर किमान 90 टक्के जागा राज्यातल्यांना असा कायदाच आहे. म्हणून दुसऱ्या राज्यात जाताना आपली रेसिडेन्सी कुठली राहणार हे आधी विचारा.

आणि आपल्यातली बरीच मुलं अजून एच-4 वर, म्हणजे आईवडिलांच्या एच-1बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहेत. 21 वर्षं पूर्ण झाली की ते स्टेटस संपतं, बरेच जण एफ-1 वर (विद्यार्थी व्हिसावर) जातात, आणि अमेरिकेतली बरीच मेडिकल स्कूल्स नागरिक किंवा ग्रीनकार्डवाल्यांनाच घेतात. ही गोष्ट कॉलेज बदलण्यापेक्षा मोठी आहे, तेव्हा आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. एफ-1 वर असलेल्यांनी जुन्या कॉलेजच्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) भेटून सेव्हिसचा, म्हणजे सरकारच्या विद्यार्थी नोंदीचा, रेकॉर्ड नव्या कॉलेजकडे वेळेत पाठवायचा, नवीन आय-20 फॉर्म घ्यायचा, यात हयगय नको. मूल बीएस-एमडीला, म्हणजे कॉलेजसोबत मेडिकलची सीटही आधीच ठरलेल्या प्रोग्रॅमला, असेल तर सोडल्यावर ती मेडिकलची ठेवलेली सीट परत मिळत नाही, पण तिथे मूल खरंच कोमेजत असेल तर सीटसाठी त्याला अडकवून ठेवू नका.

एवढं सगळं करूनही जायचं ठरत असेल, म्हणजे घरची जबाबदारी, पैसे झेपत नाहीत, जवळ हॉस्पिटल किंवा रिसर्च काहीच नाही, हवं ते मेजर तिथे नाही, एकटेपणा वर्षभर क्लब बदलून, रूम बदलूनही गेला नाही, तर ही सगळी चांगली कारणं आहेत, बिनधास्त अर्ज करा. अर्ज केला म्हणजे जावंच लागतं असं नाही. बऱ्याच खाजगी कॉलेजांच्या ट्रान्सफरच्या तारखा मार्चच्या आसपास असतात, यूसीची नोव्हेंबर अखेरीच्या आसपास, आणि यूसीत प्राधान्य तिथल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना असतं. दोन-तीनच ठिकाणी करा, आणि तोपर्यंत आहे तिथलं पुढच्या वर्षाचं हाउसिंग, कोर्स रजिस्ट्रेशन सगळं चालू ठेवा. निबंधात जुन्या कॉलेजची निंदा नको, तिथे काय शिकायला मिळालं आणि पुढे काय हवंय ते लिहायचं. आणि त्या सेमिस्टरच्या ग्रेड्स पडू द्यायच्या नाहीत, निघायचंच आहे म्हणून अभ्यास सोडला तर दोन्हीकडून जातं.

आईबाबांना एक कळकळीने सांगते. मूल कॉलेजात गेलं की फेर्पा कायद्याने ग्रेड्सवर हक्क त्याचा, त्याच्या परवानगीशिवाय कॉलेज सहसा तुम्हाला काही दाखवत नाही, म्हणजे तुम्हाला जे कळणार ते मुलानेच सांगितलं तर. मंडळाच्या गणपतीला कोणी "काय मग डॉक्टर, कसं चाललंय" म्हणून विचारलं तर त्या वेळी तुम्ही मधे पडा आणि विषय बदला. माझ्यासमोर बसून रडलेल्या बऱ्याच मुलांना कॉलेजपेक्षा या प्रश्नाची जास्त भीती वाटत असते. एकदा तोंडाने स्पष्ट म्हणा, "डॉक्टर नाही झालास तरी चालेल", "नाही झालीस तरी चालेल", आणि मग बघा मूल काय म्हणतं. काही जण तेव्हा पहिल्यांदा शांतपणे सांगतात की नाही, मला व्हायचंच आहे, फक्त इथून नाही.

ऑफर हातात आल्यावर डिपॉझिट भरण्याआधी एकदा तिथे जाऊन या, ऍडमिशनवाल्यांच्या खास दिवशी नाही, साध्या मंगळवारी-बुधवारी. मुलाला ऑर्गोच्या नाहीतर बायोकेमच्या लेक्चरला मागे बसू द्या, डायनिंग हॉलमध्ये एकटं जेवू द्या, संध्याकाळी लायब्ररीत फिरू द्या. तुम्ही त्या वेळी कॅम्पसबाहेर कॉफी घ्या. आणि प्रीमेड ऑफिसमध्ये मुलानेच विचारायचं: माझे कुठले कोर्स नक्की मान्य झाले ते लेखी देता का, ट्रान्सफर मुलांना कमिटी लेटर मिळतं का, गेल्या दोन-तीन वर्षांत ट्रान्सफर होऊन आलेल्यांपैकी किती जण मेडिकलला गेले, आणि त्यांच्यापैकी कोणाशी बोलायला मिळेल का. शेवटच्या प्रश्नाला ते लगेच नाव आणि ईमेल काढून देतात की गुळमुळीत उत्तर देतात, ते नीट बघून घ्या.