बेसबॉलमधील फोर्स आऊट समजून घेताना या चुका टाळा

बेसबॉल नव्याने पाहू लागलेल्या मराठी प्रेक्षकाला क्रिकेटची सवय एका ठिकाणी हमखास अडवते. क्रिकेटमध्ये चेंडू फटकावल्यावर धाव घ्यायची की नाही, हे फलंदाज ठरवतो. बेसबॉलमध्ये चेंडू वैध हद्दीत जमिनीवर पडला, की बॅटरला पहिल्या बेसकडे धावावेच लागते. एका बेसवर दोघांना हक्काने थांबता येत नाही, म्हणून तिथे आधीपासून असलेल्या रनरला दुसऱ्या बेसकडे निघावे लागते, आणि दुसऱ्यावरही कोणी असेल तर त्याला तिसऱ्याकडे. अशी सक्ती झालेल्या रनरला बाद करण्यासाठी त्याला चेंडूने टॅग करण्याची, म्हणजे चेंडू धरलेल्या हाताने स्पर्श करण्याची, गरज नसते. तो पोहोचण्याआधी चेंडू ताब्यात ठेवून फील्डरने पुढच्या बेसवर पाय टेकवला, तरी पुरते; यालाच फोर्स आऊट म्हणतात.

सक्ती नेहमी मागून येते. पहिली चूक होते ती हेच विसरल्यामुळे. दुसऱ्या बेसवर रनर आहे आणि पहिला बेस रिकामा आहे, अशा वेळी फील्डर चेंडू घेऊन तिसऱ्या बेसवर उभा राहिला, तरी कोणीही बाद होत नाही, कारण त्या रनरला जागा सोडायला कोणीच लावलेले नाही. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर असतील, तर सक्ती फक्त पहिल्यावरच्या रनरवर असते.

दुसरी चूक अधिक महागात पडते. पहिल्या बेसवर रनर असताना जमिनीवरून आलेला चेंडू पहिल्या बेसच्या फील्डरने अडवला, आधी स्वतःच्या बेसवर पाय ठेवून बॅटरला बाद केले आणि मग चेंडू दुसऱ्या बेसकडे फेकला, असे समजा. बॅटर बाद होताच मागची सक्ती संपली, रनरला पहिल्या बेसवर परत जाण्याचा हक्क मिळाला, आणि त्यामुळे आता त्याला टॅग करणे भाग आहे. क्रम उलटा असता, म्हणजे चेंडू आधी दुसऱ्या बेसवर जाऊन पहिल्यावर परत आला असता, तर दोन्हीकडे पाय टेकवणेच पुरले असते. एक बाद असताना तिसऱ्या बेसवरही रनर असेल, तर याच क्रमावर धाव ठरते. डाव संपवणारा तिसरा गडी सक्तीने किंवा बॅटर पहिल्या बेसवर पोहोचण्याआधी बाद झाला, तर धाव मोजली जात नाही. पण सक्ती संपल्यानंतर तिसरा गडी टॅगने बाद झाला आणि त्याआधी रनरने होम प्लेटला (बॅटर जिथून खेळतो आणि जिथे परतल्यावर धाव होते, त्या जागेला) स्पर्श केलेला असला, तर धाव ग्राह्य धरली जाते. प्रशिक्षकांनी सरावात या एका प्रसंगाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

झेलाच्या बाबतीत तर डोळेच फसवतात. हवेतला चेंडू झेलला गेला, की बॅटर बाद होतो आणि सक्ती उरतच नाही. झेलाआधीच बेस सोडलेल्या रनरला परतावे लागते, आणि तो परतण्यापूर्वी चेंडू त्या बेसवर पोहोचला तर तो टॅगशिवायही बाद होतो. दिसायला हे फोर्स आऊटसारखेच असले, तरी तो फोर्स आऊट नव्हे. त्यामुळे हा तिसरा गडी असला, तरी त्याआधी योग्य रीतीने होम प्लेट गाठलेल्या रनरची धाव टिकते.

दोन रनर एकाच बेसवर आले, तर सक्ती नसताना तो बेस पुढच्या रनरचा असतो आणि मागचा टॅग केल्यास बाद होतो. सक्ती असताना मात्र नेमके उलटे घडते.

विजयी फटका बसल्यावर मध्येच थांबणे ही सर्वांत प्रसिद्ध चूक आहे. 23 सप्टेंबर 1908 रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स आणि शिकागो कब्ज या संघांची 1–1 अशी बरोबरी होती आणि नवव्या डावात दोन गडी बाद झाले होते. अल ब्रिडवेलच्या फटक्यावर तिसऱ्या बेसवरचा मूस मॅककॉर्मिक होम प्लेटवर पोहोचला, प्रेक्षक मैदानात घुसले आणि पहिल्या बेसवरून निघालेला 19 वर्षांचा फ्रेड मर्कल दुसऱ्या बेसला स्पर्श न करताच वळला. कब्जच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागवून दुसऱ्या बेसवर पाय ठेवला; पंच हँक ओ'डे यांनी मर्कलला फोर्स आऊट दिले आणि धाव रद्द झाली. सामना 8 ऑक्टोबरला पुन्हा खेळवण्यात आला, कब्जने तो 4–2 असा जिंकला आणि नॅशनल लीगचे विजेतेपद एका सामन्याच्या फरकाने पटकावले. मर्कलला जन्मभर मिळालेला दोष मला अन्यायाचा वाटतो, कारण अशा वेळी मध्येच वळण्याची तेव्हा रीतच होती आणि त्याच महिन्यात पिट्सबर्गमध्ये एव्हर्सने असाच दावा केला असता याच पंचांनी तो मान्य केला नव्हता.

आजही नियम तोच आहे. तिन्ही बेस भरलेले असताना शेवटच्या डावात वॉकवर (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट पहिला बेस मिळाल्यावर) विजयी धाव मिळाली, तर तिसऱ्या बेसवरच्या रनरने होम प्लेटला आणि बॅटरने पहिल्या बेसला स्पर्श केल्याखेरीज पंच सामना संपल्याचे जाहीर करत नाहीत. फटक्यावर धाव मिळाली असेल, तर सक्ती असलेल्या प्रत्येक रनरने आपला पुढचा बेस गाठूनच जल्लोषात सामील व्हावे.