जुनी रीत की नवी? घोडा थांबायला शिकवून बघा

तरणा घोडा स्वारीसाठी तयार करायचा म्हटलं की दोन पंथ हमरीतुमरीवर येतात. एकीकडे लंजिंग (लांब दोरीवर घोडा आपल्याभोवती गोल फिरवणं), बिट (लगामाची तोंडातली दांडी), टाच आणि चाबूकवाले. दुसरीकडे दोरीची मोहरकी आणि गोल रिंगणवाले, नाहीतर कमरेच्या पिशवीत गाजराचे तुकडे घेऊन क्लिकर, म्हणजे 'बरोबर केलंस, आता खाऊ' हे सांगणारी टिकटिक डबी, वाजवणारे. मी दोन्हींकडचं उचलते. बघायचं एवढंच, की घोड्याने बरोबर केलं त्याच क्षणी त्याला ते कळलं का.

आधी तोंड, पाठ आणि खोगीर तपासून घ्या. दुखणाऱ्या घोड्याला कुठलीच रीत लागू पडत नाही. नोजबँड, म्हणजे नाकावरचा पट्टा, आवळला असेल तर सैल करा, नाकाच्या हाडावर दोन बोटं आरामात शिरली पाहिजेत.

मग जमिनीवरूनच थांबायला शिकवा. मोहरकी घालून डाव्या खांद्याशी चाला. श्वास सोडा, स्वतः थांबा आणि मगच दोरीला मागे हलका ताण द्या. नाही थांबला तर झटका न देता ताण हळूहळू वाढवा. त्याने पाय टेकवून वजन मागे घेतलं की दोरी लगेच सैल. इथे सगळा खेळ क्षणाचा आहे. तुम्हाला उशीर झाला, तेवढ्यात त्याने मान झटकली आणि दोरी नेमकी तेव्हा सुटली, तर तो मान झटकायला शिकला. मग लोक म्हणतात घोडा अडेल आहे! हे बसलं की पाठीवरून तोच क्रम ठेवा. आधी मांड स्थिर, मग लगाम, आणि थांबताक्षणी बोटं सैल.

गोल रिंगणातली 'नैसर्गिक' पद्धतही मुळात हेच करते. घोड्याला कडेने पळतं ठेवायचं, त्याने आत लक्ष दिलं की आपण पाठ फिरवायची. दाब आपल्या अंगाचा, सुटकाही आपलीच. त्याने ओठ चाटले म्हणजे तुम्हाला नेता मानलं, हे मला पटत नाही. ताण उतरतानाही घोडे ओठ चाटतात. आणि दमून जवळ आलेल्या घोड्याला विश्वास बसला म्हणणं जरा जास्तच झालं.

क्लिकरची गोष्ट वेगळी. तिथे दाब काढायचा नसतो, हवीशी गोष्ट द्यायची असते. पण पहिला धडा सभ्यपणाचा. खाऊ बंद मुठीत धरा, तो हुंगेल, ओठांनी चाचपेल, हलू नका. त्याने तोंड बाजूला वळवलं की क्लिक, आणि तुकडा आपल्या अंगापासून लांब, उघड्या तळव्यावर द्या. हा धडा गाळलात तर तो खिसे ओरबाडेल. खूर उचलू देणं, इंजेक्शनला उभं राहणं, ट्रेलरमध्ये चढणं यांसाठी मी हीच रीत वापरते. दुडकीवर मात्र दर क्लिकला घोडा खायला थांबतो आणि ताल तुटतो. तिथे आयाळ संपते त्या उंचवट्यावर खाजवलेलं बरं. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि त्याने हृदयाचे ठोके मंदावतात.

जुनी रीत म्हणजे मारझोड, हा समज मात्र काढून टाका. झेनोफन हा ग्रीक सेनानी इ.स.पू. चौथ्या शतकात लिहून गेला, की जबरदस्तीने करून घेतलेलं घोड्याला समजतही नाही आणि ते देखणंही होत नाही. लंजिंग मी आजही करते, पण मोठ्या वर्तुळात, थोडा वेळ आणि दोन्ही बाजूंनी. लहान वर्तुळात पायांच्या सांध्यांवर ताण येतो. पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला साधारण सहावं वर्ष उजाडतं, त्यामुळे तीन-चार वर्षांच्या घोड्यावर फार वेळ बसू नका.

घोडा दुसऱ्या स्वाराच्या हाती देणार असाल तर क्रम लिहून द्या. थांबण्यासाठी आधी मांड की आधी लगाम, शाबासकीचा शब्द कोणता, खाऊ कधी. क्लिकरवर वाढलेला घोडा तोंड वळवून वाट बघत उभा राहतो आणि नवख्याला वाटतं, तो टाळतोय.