काळ्या वावरात पाईपलाईन पुरताय? मृगाआधी एवढं सांभाळा

मे महिन्यात वावर रिकामं असतं, जेसीबी मिळतो आणि पाईपलाईनचं काम निघतं. घाईही तेव्हाच होते. मी केली होती. विहिरीपासून तुरीच्या पट्टीपर्यंत 110 मिमीचा पीव्हीसी पाईप टाकला आणि पुढच्याच उन्हाळ्यात तो एल्बोतून, म्हणजे वळणाच्या जोडातून, बोटभर निसटला. उकरून पाहिलं तर जेसीबीने लोटलेली ढेकळं तशीच पडलेली, त्यांच्यामध्ये मूठ जाईल अशा पोकळ्या. पाईपच्या पोटाला चुनखडीचा एक खडा टेकला होता, तिथे पांढरा वळ उठला होता.

आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ही हालचाल वरच्या थरात सगळ्यात जास्त असते. म्हणून पाईपच्या पाठीवर किमान 3 फूट माती हवी. नांगराचा फाळही मग पोचत नाही. चराच्या तळाशी 4 बोटं बारीक मुरूम किंवा वाळू पसरा, पाईपच्या दोन्ही बगलांत तीच भरून पायाने दाबा, वर वीतभर चढवा. ढेकळं त्याच्या वर. खर्च वाढतो, पण इथे हात आखडू नका. पाईपला खरा आधार बगलेतल्या मातीचाच असतो. उताराच्या वावरात मात्र मुरमातून पाणी वाहून चराचाच नाला होतो. मधे मधे काळ्या मातीचा ठोकून भरलेला आडवा बांध घाला.

आता उन्हाचं. पीव्हीसी तापला की लांबतो. दुपारच्या 45 अंशांत जोडलेली 100 मीटरची लाईन 25 अंशांपर्यंत निवली, तर साधारण 14 सेंटीमीटर आखडते. माझा एल्बो निसटण्यात याचाही हात होता, कारण आम्ही ऐन दुपारी सोल्युशन (जोड चिकटवायचा डिंक) लावून लगेच चर बुजवला. पाईप चरात थोडा नागमोडी ठेवा. दोन्ही टोकांचे शेवटचे जोड पहाटे करा आणि ऊन चढायच्या आत माती लोटा. जोड तेवढे उघडे ठेवून, सोल्युशन पुरतं वाळल्यावर मोटर चालवून बघा, मगच ते झाका. एल्बो आणि टी (तीन तोंडांचा जोड) यांच्या पाठीमागे काँक्रीटचा ठोकळा द्या, पाण्याचा धक्का तिथेच बसतो.

रोहिणीत एखादी सर आली आणि चर अर्धवट असला तर रिकामा पाईप वर तरंगतो. 110 मिमीच्या 6 मीटर पाईपला पाणी 40 किलोंहून जास्त जोराने वर ढकलतं. आभाळ भरलं की आधी पाईप पाण्याने भरा, त्यावर माती टाका.

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे पूर्णेकाठच्या अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या शेतकऱ्यांनी लाईनमधला लोखंडी तुकडा मातीत उघडा पुरू नये. खारट ओलीत तो लवकर गंजतो.

आणि चर बुजवण्याआधी दोन्ही धुऱ्यांवर खुणेचे दगड रोवा.