लिनक्सवर टोरंट क्लायंट कुठला टाकायचा? आधी वायर बघा, मग सॉफ्टवेअर

भाच्याने परवा फोन करून विचारलं, मामा, लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलंय, आता टोरंटसाठी काय टाकू. म्हटलं काही टाकू नको, मेनूत बघ, ट्रान्समिशन नावाचा क्लायंट (म्हणजे टोरंट उतरवणारा प्रोग्राम) आधीच बसलाय. त्याला काय पटेना. विंडोजवर जाहिरातींनी भरलेला क्लायंट बघायची सवय, त्यामुळे ही चार बटणांची साधी विंडो बघून त्याला वाटलं हे अर्धवटच आहे कायतरी. मग तासभर नेटवर बसून पंधरा क्लायंटची तुलना वाचली आणि जास्तच गोंधळला. म्हणून हे सविस्तर लिहितोय, त्याच्यासारखे अजून असतीलच.

माझं म्हणणं एवढंच आहे की फीचरची यादी बघून क्लायंट निवडू नका. घरात नेट कसं येतं, मशीन कुठं ठेवलंय आणि लाईट किती वेळा जाते, हे तीन बघा, क्लायंट आपोआप ठरतो.

आणि हो, टोरंट म्हटलं की घरातले डोळे वटारतात म्हणून सांगतो, टोरंट ही फक्त फाईल तुकड्या-तुकड्याने एकमेकांच्या मशीनवरून वाटायची पद्धत आहे, 2001 साली ब्रॅम कोहेनने काढलेली. मिंट, डेबियन, उबुंटू, लिबरऑफिस हे सगळे स्वतःच्या साईटवर अधिकृत टोरंट देतात. नवा पिक्चर उतरवणं हा बेकायदा उद्योग आहे आणि मी त्याबद्दल लिहीत नाहीये.

तर ट्रान्समिशन. हलकं आहे, जुन्या 4 जीबी रॅमच्या मशीनवर पण कुरकुर करत नाही, आणि दिसतं तेवढं बावळट अजिबात नाही. खाली कोपऱ्यात कासवाचं चित्र आहे ना, ते दाबलं की स्पीडला लगाम बसतो, आणि सेटिंगमध्ये जाऊन हे कासव ठरावीक वेळेला आपोआप चालू होईल असं पण करता येतं, म्हणजे दिवसा घरातले नेट वापरतात तेव्हा कासव आणि रात्री मोकळं. महिन्यातून एखादी आयएसओ (लिनक्स बसवायची अख्खी फाईल) उतरवणाऱ्याला एवढं पुरे. इथंच थांबलात तरी चालतंय.

मी स्वतः क्यूबिटटोरंट ह्या दुसऱ्या क्लायंटवर गेलो ते एका फटक्यामुळे. आमच्याकडे सांगलीत विश्रामबागला नेट लॅन केबलने येतं, आणि वळवाच्या दिवसांत वारं सुटलं की कुठंतरी फायबर तुटतंच. त्या दिवशी नेट गेलं, मला एक मेल पाठवायचा होता, म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप वायफायवर घेतला. मेल गेला. मागे टोरंट चालूच होतं हे डोक्यातच नाही, दहा-पंधरा मिनिटांत मोबाईलवर मेसेज, आजचा डेटा संपला. दीड जीबी, खल्लास.

क्यूबिटटोरंटमध्ये यावर पक्का इलाज आहे. टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात ॲडव्हान्स्ड, तिथं नेटवर्क इंटरफेस म्हणून एक खाना आहे, त्यावर सुरुवातीला 'एनी इंटरफेस' असतं. तिथं लॅन केबलचं नाव निवडायचं, ते बहुतेक ई-एन अक्षरांनी सुरू होतं, वायफायचं डब्ल्यू-एलने. क्लायंट बंद करून परत चालू करा. आता टोरंट केबलवरूनच जाईल, केबल मेली की टोरंट गप्प बसेल, हॉटस्पॉटला हात लावणार नाही. मात्र घरचं नेटही वायफायनेच घेत असाल तर ह्याचा उपयोग नाही, कारण घरचा राउटर काय आणि मोबाईल काय, लॅपटॉपच्या दृष्टीने दोन्ही एकाच वायफाय कार्डातून येतात. मग हाताने पॉज करायची सवय लावा, दुसरं काय.

क्यूबिटटोरंटमध्ये आरएसएस आहे (साईटवरचं नवीन टोरंट आपोआप पकडायला), सर्च आहे (त्याला पायथन लागतं), कॅटेगरी आहेत. ते सगळं छान, पण मी ह्या एका खान्यासाठी तिकडे गेलो. एक गोष्ट बघून घाबरू नका, नवीन क्यूबिटटोरंट मोठी फाईल उतरवताना सिस्टिम मॉनिटरमध्ये रॅम भरमसाट खाल्ल्यासारखं दाखवतं. आतलं लिबटोरंट 2 हे इंजिन फाईलचा भाग मेमरीत मॅप करून वापरतं, त्यामुळे आकडा फुगतो, पण दुसऱ्या प्रोग्रामला गरज लागली की लिनक्स ती जागा बरीचशी मोकळी करून देतं.

आता स्पीड. केबलवाला सांगतो 100 एमबीपीएस आणि क्लायंटमध्ये दिसतं 11 किंवा 12, की लगेच फोन, आम्हाला फसवताय का. अहो तो मेगाबिट सांगतो आणि क्लायंट मेगाबाईट दाखवतं, 100 ला 8 ने भागा, साडेबारा आले, हिशोब बरोबर आहे. खरा घोळ अपलोडचा असतो. अपलोड मोकळं सोडलं तर ते पूर्ण भरून जातं, मग डाउनलोडच्या पोचपावत्या पण रांगेत अडकतात आणि घरात सगळे ओरडतात नेट स्लो झालं म्हणून. स्पीड टेस्टमध्ये जेवढं अपलोड येतंय त्याच्या साधारण 80 टक्क्यांवर लिमिट टाका, कुठलाही क्लायंट असो, हे पहिल्या दिवशी करायचं काम आहे.

पोर्ट (बाहेरच्यांनी आपल्या क्लायंटला जोडायचं दार) उघडत नाही म्हणून क्लायंट बदलणारे पण भेटलेत मला. आधी राउटरच्या पानावर वॅन आयपी (केबलवाल्याकडून राउटरला मिळालेला पत्ता) बघा, तो 100.64 ते 100.127 मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एका पब्लिक आयपीमागे अख्खी गल्ली बसलीय आणि बाहेरून कुणाला तुमचं दार सापडत नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, यूपीएनपी असले दार उघडायचे उपाय काही करा, ढिम्म हलणार नाही. डाउनलोड होतं, फक्त सीडर (पूर्ण फाईल जवळ असून ती वाटणारे) कमी असले की रखडतं. आयपीव्ही6 (आयपीची नवी पद्धत) मिळत असेल तर ते चालू करून बघा, नाहीतर केबलवाल्याकडे स्टॅटिक (कायमचा, स्वतःचा) आयपी मागा. क्लायंटचा यात काही दोष नाही.

मिरजेत सतारमेकर गल्लीजवळ माझा एक मित्र राहतो, त्याला जुन्या गाण्यांचं वेड. इंटरनेट आर्काइव्हवरून 78 आरपीएमच्या रेकॉर्डी उतरवतो (आपल्याकडे रेकॉर्डिंगचा कॉपीराइट प्रकाशनापासून 60 वर्षांनी संपतो, त्यामुळे फार जुन्यांना अडचण नाही). तो म्हणाला, टोरंट मेलेलं आहे, सीड शून्य दाखवतंय. म्हटलं लेका चालू तर कर. आर्काइव्हच्या टोरंटमध्ये वेबसीड असतं, म्हणजे कुणीच सीड करत नसलं तरी त्यांचा स्वतःचा सर्व्हर साध्या एचटीटीपीने तुकडे देतो, आणि ट्रान्समिशन, क्यूबिटटोरंट दोघांना ते जमतं. झालं सुरू. पण मग डिस्क भरली, कारण एकाच गाण्याच्या फ्लॅक, एमपी3, वर लेबलचे फोटो आणि कसली कसली चित्रं, सगळंच आलं. टोरंट टाकताना फाईलींची यादी येते तिथं नको त्याचा टिक काढायचा, हे त्याने कधी केलंच नव्हतं. नुसतं ओके दाबायचा.

लाईटचं सांगायचं राहिलं. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि मधेच लाईट गेली तर परत चालू केल्यावर क्लायंटला फाईल तपासायला लावा, ट्रान्समिशनमध्ये व्हेरिफाय लोकल डेटा, क्यूबिटटोरंटमध्ये फोर्स रीचेक. प्रत्येक तुकड्याचा हॅश (म्हणजे त्याचा ठसा) जुळवून बघतं, बिघडलेले तुकडेच परत आणतं. सगळं डिलीट करून पहिल्यापासून सुरू करणारे लोक बघितले की जीव तुटतो. आणि थेट पेनड्राइव्हवर उतरवत असाल तर तो फॅट32 नाही ना बघा, 4 जीबीच्या वरची फाईल त्यात मावत नाही, आणि उबुंटू 24.04 ची आयएसओ 5 जीबीच्या वर आहे. एरर येतो शेवटी शेवटी, तेच वाईट.

घरात कोपऱ्यात रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) किंवा जुना सीपीयू चोवीस तास चालू असेल तर मात्र हिशोब वेगळा. तिथं ट्रान्समिशन-डीमन (विंडोशिवाय मागे चालणारं ट्रान्समिशन) टाका, मोबाईलच्या ब्राउझरमधून त्या मशीनचा आयपी आणि पुढे 9091 पोर्ट. पहिल्यांदा 403 (परवानगी नाही) असा एरर येणार, कारण व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे परवानगीच्या यादीत, फक्त ते मशीन स्वतःच असतं, सेटिंगच्या जेसन फाईलमध्ये घरातले आयपी घालावे लागतात. पण फाईल बदलायच्या आधी डीमन बंद करा, नाहीतर तो बंद होताना जुनी सेटिंग परत लिहून टाकतो, मी तीनदा तेच तेच बदलत बसलो होतो. डेबियनच्या पॅकेजात तो वेगळ्या यूजरने चालतो, त्यामुळे बाहेरच्या डिस्कवर परमिशन डिनाइड आलं तर त्या यूजरला फोल्डरची परवानगी द्या.

बाकी डिल्यूज चांगलं आहे, प्लगइन लावत बसायची हौस असेल तर. लिनक्सचा डेस्कटॉप केडीई वापरत असाल तर केटोरंट, नोम असेल तर फ्रॅगमेंट्स बघा, आरटोरंट टर्मिनलमध्ये चालतं, ज्याला ते हवंय त्याला हा लेख वाचायची गरज नाही.

क्लायंट बदलायचा ठरला तर उतरवलेलं परत उतरवू नका. तीच टोरंट फाईल नव्या क्लायंटमध्ये टाका, सेव्हची जागा जुनाच फोल्डर द्या, तो तपासून सीडिंग सुरू करेल. अर्धवट फाईल असेल तर ट्रान्समिशन तिच्या नावापुढे डॉट पार्ट लावून ठेवतं, जुना क्लायंट बंद करून ते शेपूट आधी कापा, नाहीतर नव्याला फाईल दिसणारच नाही आणि तो शून्यापासून सुरू करेल. मिरजेच्या मित्राचं नेमकं तेच झालं, आणि फोन आला मला रात्री साडेअकराला.